कर्बाची जमाबंदी

महसूल खात्याच्या चाकरीत ज्याने आपली सारी उमेद खर्ची घातली, तलाठ्यांची दप्तरे तपासता तपासता ज्याचे केस पिकले आणि आवक-जावक बारनिशीवर मान घालून बसण्याच्या सवयीने ज्याची मान पुन्हा सरळ म्हणून झाली नाही, अशा मनुष्याने सेवानिवृत्तीनंतर तीर्थयात्रा करावी, नातवंडे खेळवावी, निदान गप्प बसावे असे शास्त्र सांगत असले, तरी नोंद झाल्यावाचून कोणत्याही वस्तूचे अस्तित्व मान्य न करण्याची त्याची खोड काही जात नाही. महागावात मी ज्या आळीत राहतो तेथे लोक मला अद्याप ‘अव्वल कारकूनसाहेब’ म्हणतात. त्यात आदर किती आणि उपरोध किती याची चौकशी मी बुद्ध्याच केलेली नाही, कारण ती केली तर अहवाल लिहावा लागेल.

यंदाचा अधिक मास ऐन ज्येष्ठात, म्हणजे जिल्ह्यातला पारा पंचेचाळिसाच्या आसपास घुटमळत असतानाच, आल्यामुळे धोंड्याच्या वाणासाठी जावईबापूंना सहकुटुंब पाचारण करणे प्राप्त झाले. जावईबापू पुण्यास अशा एका कंपनीत आहेत की जी इतर कंपन्यांनी हवेत सोडलेल्या कर्बवायूचा हिशेब ठेवते. धुराची खतावणी करून मनुष्य पोट भरू शकतो हे कळल्यापासून या मुलाविषयी मला जो आपलेपणा वाटू लागला, तो लग्नाच्या याद्या करतानाही वाटला नव्हता. येण्याआधीच त्यांनी फोनवरून सांगितले, “बाबा, कारखान्यासारखाच घराचाही कार्बन फूटप्रिंट काढता येतो. तुम्हाला तर अगदीच सोपं आहे.” त्यासाठी लागणारे दरही त्यांनी कळविले. दुसऱ्याच दिवशी मी एक कोरी वही घेऊन तांबड्या शाईने रकाने आखले: अनुक्रमांक, बाब, परिमाण, दर, एकूण कर्ब आणि शेरा. शेऱ्याचा रकाना प्रशस्त ठेवला, कारण सरकारी कामकाजातील यच्चयावत साहित्य त्याच रकान्यात निर्माण होते.

पहिलेच कलम स्वयंपाकाच्या गॅसचे होते आणि पहिलाच तंटाही तेथेच उपस्थित झाला. घरगुती सिलिंडरात १४.२ किलो गॅस असतो आणि तो सगळा जळला की सुमारे ४२ किलो कर्बवायू तयार होतो, हे मी मोठ्याने वाचून दाखविताच सौभाग्यवतींनी हातातले लाटणे खाली ठेवले.

“अवो, चवदा किलोतून बेचाळीस किलो निंगते कसं? आजपोत सिलिंडर कमी भरलेलं पायलं, जाळल्यावर तिप्पट झालेलं नाई पायलं!”

शंका रास्त होती. मी खुलासा केला की, कर्बाचा प्रत्येक अणू जळताना हवेतील प्राणवायूचे दोन अणू जोडीला घेऊन बाहेर पडतो आणि ही जोडीची मंडळी मूळ कर्बापेक्षा वजनाने पुष्कळच भारी असतात. सबब जाताना वजन वाढते. यावर त्यांनी विचारले की, तो प्राणवायू आपण विकत घेतलेला नसून हवेतला, म्हणजे सरकारी आहे. मग त्याचा भार आपल्या खात्यावर कशापायी? मुद्दा कायदेशीर होता आणि माझ्या उभ्या हयातीत एकाही पक्षकाराच्या वकिलाने इतका बिनतोड मुद्दा मांडलेला मी ऐकला नव्हता. मी शेऱ्यात ‘हरकत नोंदविली, नामंजूर’ असे लिहिले. बचतीचे उपाय म्हणून तुरीची डाळ आधी भिजत घालावी, भांड्यावर झाकण ठेवावे, आच भांड्याच्या बुडाबाहेर जाऊ देऊ नये, अशा सूचनाही मी वाचल्या. परंतु डाळ भिजत घालणे ही पृथ्वीची बाब नसून डाळ शिजण्याची बाब आहे आणि ती या घरात माझ्या वहीच्या कितीतरी आधीपासून चालू आहे, असे मला सुनावण्यात आले.

गॅस येण्यापूर्वी आमच्या घरी पऱ्हाटी जळत असे. कापसाची वेचणी आटोपली की शेतातली पऱ्हाटी उपटून, तिचे भारे बांधून परसात रचावयाचे आणि पुढचा दिवाळसण येईपर्यंत तेच चुलीच्या तोंडी द्यावयाचे, हा या मुलखाचा शिरस्ता. हिशेबाच्या शास्त्रात या पऱ्हाटीस मोठीच सवलत आहे. कारण तिने जो कर्ब जळताना सोडला तो त्याच हंगामात हवेतून उचललेला असतो आणि पुढच्या पेऱ्याची कपाशी तो पुन्हा उचलते, तर गॅस आणि कोळसा यांनी सोडलेला कर्ब कोट्यवधी वर्षे भूगर्भात अटकेत होता. परंतु या सवलतीवर भाळून कोणी चुलीची महती गाऊ लागेल तर त्याने माझ्या आईचे डोळे पाहावयास हवे होते. दुपारच्या भाकरी आटोपून ती ओसरीवर आली म्हणजे पदराने डोळे टिपत कितीतरी वेळ नुसती खोकत बसे. तो धूर कोणत्याच वहीत नोंदला गेला नाही. म्हणून पऱ्हाटीचे कलम मी लाल शाईने ‘इतिहासजमा’ केले आणि पुढे गेलो.

पुढे वीज होती. वीज हे मोठे सोवळे इंधन. काजळी नाही, राख नाही, डोळ्यांत पाणी नाही. परंतु देशाच्या ग्रिडमधून येणाऱ्या एका युनिटामागे साधारण ७०० ग्रॅम कर्बवायू कोठेतरी वातावरणात मिसळतच असतो. ‘कोठेतरी’ म्हणजे फार लांब नव्हे. कोळशाच्या खाणी आमच्याच जिल्ह्यात वणीकडे आणि २९२० मेगावॅटचे महाऔष्णिक विद्युत केंद्र शेजारच्या चंद्रपुरास. थोडक्यात, आमच्या स्वयंपाकघरातल्या धुराची बदली चंद्रपूर जिल्ह्यात झाली. सेवेत खंड पडला नाही आणि बदलीच्या जागी बढतीही मिळाली.

आता या वहीतील जे मुख्य प्रकरण, त्याकडे वळतो. जावई येणार तर त्यांना निजावयास वातानुकूलित खोली हवी, असा ठराव घरात बहुमताने म्हणजे सौभाग्यवतींच्या एका मताने मंजूर झाला. वास्तविक आमच्या घरी एक पुरातन लोखंडी कूलर आहे. चैत्र सरता सरता तो माळ्यावरून उतरवावयाचा, गंजलेल्या तळाला डांबर फासावयाचे, तिन्ही बाजूंच्या जुन्या ताट्या काढून नवीन वाळा भरावयाचा, आतल्या टुल्लू पंपाला दोन चापट्या मारून जागे करावयाचे आणि मग बादल्या-बादल्यांनी टाकी भरून खिडकीशी लावावयाचा. पहिले पाणी ताट्यांवरून ठिबकू लागले की ओल्या वाळ्याचा जो वास घरभर पसरतो, त्याने उन्हाळा परतून जात नसला तरी त्याच्याशी तडजोड होते. विदर्भाची हवा कोरडी असल्यामुळे पाण्याची वाफ झपाट्याने होते आणि वाफ होताना ती हवेतली उष्णता काढून घेते, एवढेच या यंत्राचे रहस्य. पंख्याला आणि पंपाला मिळून दीडशे-दोनशे वॅट पुरतात. दीड टनी एसी या कामाला पंधराशेच्या आसपास वॅट मागतो. म्हणजे एका एसीच्या विजेत आळीतल्या सात-आठ घरांचे कूलर चालावेत. मुंबई-कोकणाच्या दमट हवेत आमचा कूलर निकामी ठरेल, पावसाळ्यात तो महागावातही कुचकामाचा. पण वैशाख-ज्येष्ठात वऱ्हाडातल्या माणसाने त्याला हिणविणे म्हणजे निव्वळ कृतघ्नता होय. हे सर्व मी आकड्यांनिशी मांडले.

“कूलर खडखड करते,” सौभाग्यवती म्हणाल्या. “जवाईबापूले झोप नाई लागली तं लोक तुमच्या वहीले विचारतीन का मले?”

एसी हप्त्यांवर आला. जावईबापूंनी तो पाहताक्षणी, त्याच्याच समोर बसून, घराघरांतील एसींमुळे विजेची मागणी कशी वाढते आणि त्यातील शीतद्रव्य गळाल्यास ते वजनास वजन धरता कर्बवायूच्या शेकडो पट उष्णता कशी अडवून ठेवते, यावर जे विवेचन केले ते अत्यंत उद्बोधक होते; खोली गार असल्याने आम्ही ते शेवटपर्यंत ऐकू शकलो. तिसऱ्या रात्री वादळी पावसाने वीज गेली आणि सगळे कुटुंब गच्चीवर सतरंज्या टाकून निजले. त्या रात्रीच्या रकान्यात मी शून्य लिहिले. त्या गच्चीचेही एक प्रकरण आहे. तेथे सौरपट्टे बसवावे असा माझा प्रस्ताव असून तीन किलोवॅटच्या संचास केंद्र सरकारचे ७८,००० रुपये अनुदानही मिळते. परंतु त्या जागेवर कुरडया, पापड आणि सांडगे यांची वर्षानुवर्षांची निर्वेध वहिवाट शाबीत झाल्यामुळे प्रस्ताव तूर्त प्रलंबित आहे. वाळवणेही सौरशक्तीवरच चालतात, हा प्रतिपक्षाचा युक्तिवाद मला खोडता आला नाही.

या तपासणीत एक गोष्ट ध्यानात आली. घराघरांतून किरकोळ कलमांवर कडाक्याची भांडणे होतात आणि मातब्बर कलमांविषयी सगळे कसे एकमताने मौन पाळतात! आमच्याकडे नातू संडासातला दिवा चालू ठेवून झोपला म्हणून सकाळी मी त्याची रीतसर झडती घेतली. वास्तविक तो ९ वॅटचा एलईडी. जुन्या ६० वॅटच्या पिवळ्या दिव्याच्या काळात या रागाला काही आधार होता. रात्रीच्या आठ तासांत हा एलईडी जेवढी वीज खातो तेवढी न्हाणीघरातला २००० वॅटचा गीझर दोन-सव्वादोन मिनिटांत फस्त करतो. आणि पौषातल्या थंडीत गीझर लावून, “पाणी तापू द्या,” म्हणत वर्तमानपत्र वाचीत बसणारा इसम घरातला कर्ता पुरुष असतो. त्याची झडती कोण घेणार? शेरा: ‘चौकशी अनावश्यक.’

वाहनांच्या कलमातही हेच. एक लिटर पेट्रोल जळाले की सव्वादोन किलोंहून अधिक कर्बवायू होतो. पुसदला एकट्याने मोटारसायकलवरून जाणाऱ्या गृहस्थाच्या वाट्याला दर किलोमीटरमागे जेवढा कर्ब येतो, त्याच्या तिसऱ्या हिश्शात भरलेल्या एसटीतला उतारू तेवढेच अंतर काटतो. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर जी गाडी सुरू झाली तिने पर्यावरणाचे नाव न घेता केलेली ही कामगिरी आहे. सौभाग्यवती पुसदला एसटीनेच जातात. त्यांचे कारण अर्धे तिकीट हे आहे. कर्बाला कारणाशी कर्तव्य नसते.

राहता राहिला जावईबापूंचा प्रवास. ते पुण्याहून नागपूरपर्यंत विमानाने आणि तेथून तुळजापूर महामार्गाने भाड्याच्या मोटारीतून आले. विमानाचा एवढा प्रवास म्हणजे माणशी पन्नास किलोंहून अधिक कर्ब, अर्थात एका सिलिंडराहून जास्त, आणि माणसे तीन. नांदेडपर्यंत आगगाडी आणि पुढे उमरखेडवरून एसटी धरली असती तर यातला थोडाच अंश खर्ची पडता. ज्येष्ठ महिन्यातले माझ्या वहीतील सर्वांत मोठे कलम ते हेच. पण जावयाच्या नावे थकबाकी काढून ती वाणाच्या ताटात अनारशांच्या शेजारी ठेवण्याची तरतूद धर्मशास्त्रात नाही आणि महसूल संहितेतही नाही. सबब ते मी ‘किरकोळ’ या सदराखाली दाखविले. निघण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी वही मागून घेतली, धंद्याच्या नजरेने वरपासून खालपर्यंत पाहिली आणि विचारले, “बाबा, किरकोळ एवढं मोठं कसं?”

“अंदाजपत्रकात तसंच असतं,” मी म्हणालो.

ते हसले, खिशातून पेन काढून ‘किरकोळ’ खोडले आणि स्वच्छ अक्षरांत ‘जावई’ असे लिहून खाली सही केली. परतीची तिकिटे आधीच काढलेली असल्यामुळे गेले ते विमानानेच. पण ऑडिट आक्षेप इतक्या दिलदारपणे मान्य करणारा अधिकारी मी चाकरीत पाहिला नव्हता.

कर्बवायू वाढला तर पृथ्वी किती तापेल याची पहिली मोठी आकडेमोड स्वान्ते अर्हेनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १८९६ साली प्रसिद्ध केली, तीही महिनोन्महिने हाताने गणिते करून. तो आमच्याच बिरादरीतला म्हणावयास हरकत नाही. त्याच्या गणितातली उष्णता मात्र खाते पाहून वसूल होत नाही. भारतीय माणसाच्या वाट्याला वर्षाला सुमारे २ टन कर्बवायू येतो, अमेरिकन माणसाच्या वाट्याला सुमारे १४ टन. आणि पूस-पैनगंगेच्या खोऱ्यातल्या ज्या कोरडवाहू कास्तकाराच्या नावावर एक सिलिंडर आणि दोन दिवे, त्याच्या शेतावरचे ऊन कोणालाही कमी नाही. आमच्या घराची एकूण बेरीज, ‘जावई’ हे कलम वगळता, देशाच्या सरासरीच्या खालीच आली. ते ऐकून सौभाग्यवतींनी विचारले, “मंग उरलेली सूट फुडच्या साली ओढता येते का?” तशी तरतूद नसल्याचे मी त्यांना लेखी कळविले आहे.

ज्या वाचकांस आपल्या घराची अशी जमाबंदी करावयाची असेल त्यांनी दिव्यांपासून आणि नातवंडांपासून सुरुवात करू नये. जी उपकरणे पाणी, हवा किंवा अन्न तापवितात अथवा गार करतात, ती आधी तपासावी आणि त्यांच्यावरील वॅटचा आकडा वाचावा. तो बहुधा मागच्या बाजूस, भिंतीकडे तोंड करून, बारीक अक्षरांत छापलेला असतो. चष्मा लावूनच बसावे.