पद्मिनीचा थंडावा : काढणे आणि बसवणे

प्रीमियर पद्मिनीतला एसी हा गाडीचा अवयव नसून राहायला आलेला आणि परत न गेलेला पाहुणा असतो. कुर्ल्याच्या कारखान्यात १०८९ सीसीचे इंजिन तयार झाले तेव्हा माणसे, त्यांचे सामान आणि टपावरचे कॅरियर एवढेच ओढणे त्याच्या नशिबी होते. एसी पुढे कुणीतरी बाजारातून आणला आणि डॅशबोर्डाखाली, शेजारी बसणाऱ्याचे गुडघे अचूक सोलले जातील अशा उंचीवर लटकवला. चाळीसेक घोड्यांच्या या तबेल्यातले चार-पाच घोडे कंप्रेसर एकटाच घेऊन जातो. म्हणून खंबाटकी घाट लागला की एसी बंद, अशी रीत पडली.

एसी बंद पडला म्हणून लगेच काढत नाहीत. तो आणखी काही वर्षे नुसता बाळगला जातो आणि या काळात काचा वर ठेवण्याचा प्रघात आहे. सिग्नलला शेजारी उभ्या असलेल्या रिक्षावाल्याला आत गारवा आहे असे वाटले पाहिजे. त्यासाठी कपाळावरचा घाम पुसायचा नसतो. रुमाल बाहेर आला की बिंग फुटते. प्रस्तुत नोंद ज्या गाडीवरून केली आहे तिच्या मालकाने ही साधना अकरा वर्षे केली. एका मे महिन्यात पत्नी सिग्नललाच दार उघडून उतरली आणि त्याच शेजारच्या रिक्षात जाऊन बसली, तेव्हा काम निघाले.

पहिली पायरी गॅसची. नळ्या सोडण्याआधी आतला गॅस यंत्राने ओढून बाटलीत घ्यायचा असतो, हवेत सोडायचा नसतो. मेकॅनिकने गेज लावले. काटा जागचा हलला नाही. “साहेब, ह्यातला गॅस कधीच उडून गेलाय. तुम्हाला कळलं नाही?” मालकाने गाडी जुनी असल्याचे सांगितले.

तो गॅस म्हणजे आर-१२, आणि त्याच्यामागे उभा असलेला माणूस म्हणजे टॉमस मिजली. जुन्या गाडीच्या मालकाने या अमेरिकी रसायनज्ञाची तसबीर बॉनेटच्या आतल्या बाजूला लावायला हरकत नाही, कारण गाडीचे खाणे आणि श्वास दोन्ही त्याचेच. १९२१ साली त्याने पेट्रोलमध्ये शिसे घातले की इंजिन ठोकत नाही हे शोधले. ते शिसे भारतातल्या पंपांवरून जायला २००० साल उजाडले. मग १९२८ च्या सुमारास त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी फ्रिजसाठी बिनविषारी, न पेटणारा वायू बनवला. १९३० मध्ये शास्त्रज्ञांच्या सभेत त्याने तो छातीभर ओढला आणि त्या फुंकरीने मेणबत्ती विझवली. टाळ्या पडल्या असणारच. त्यातले क्लोरीन वर जाऊन ओझोन खाते, हे १९७४ मध्ये मोलिना आणि रोलंड यांनी मांडले, १९८७ मध्ये माँट्रियलचा करार झाला. मिजलीला हे कळलेच नाही. पोलिओने अंथरुणाला खिळल्यावर स्वतःला उठवून बसवण्यासाठी त्याने दोऱ्या आणि कप्प्यांचे एक यंत्र रचले आणि १९४४ साली त्याच दोऱ्यांत गुरफटून तो गेला. त्याच वर्षी इकडे वालचंद हिराचंदांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. या योगायोगातून काहीही सिद्ध होत नाही, पण मालक तो प्रत्येक पाहुण्याला सांगतो आणि मेकॅनिकला दोनदा सांगून झाला होता.

पुढे बॅटरीची तार काढावी, बेल्ट सैल करावा. ओतीव लोखंडाचा जुना कंप्रेसर पाट्यासारखा जड असतो. तो उचलताना मेकॅनिकच्या तोंडून निघणारा शब्द मराठी कोशात नाही. रेडिएटरपुढच्या कंडेन्सरमध्ये पुणे-कोल्हापूर रस्त्यावरच्या किड्यांच्या काही पिढ्या मिळतात. डॅशबोर्डाखालची पेटी खोलल्यावर कूलिंग कॉइलच्या मागे एक हेअरपिन आणि आवळासुपारीची रिकामी पुडी निघाली.

त्याच पेटीची एक जाळी सुतळीने ताणून मागच्या सीटकडे वळवून बांधलेली होती. पुढच्या माणसाला ती आपल्याकडे फिरवता येऊ नये अशी सोय. वडिलांनी एसी घेतला तो आळीत मिरवायला, असे मालक सगळ्यांना सांगत आला होता. स्वतःची काचा वर ठेवण्याची खोडही तो याच वारशात जमा करी. मागे डाव्या खिडकीशी आई बसायची. तिला उन्हाने भोवळ यायची. गाठ वडिलांची होती, कारण तशी वेडीवाकडी गाठ घरात दुसरे कुणी मारत नसे. मेकॅनिकने कापायला ब्लेड काढले तेव्हा मालक “राहू द्या” म्हणाला आणि एसीच्या गॅसने डोळे चुरचुरतात असे सांगून बाहेर जाऊन उभा राहिला. गेजचा काटा शून्यावर होता, हा विषय मेकॅनिकने काढला नाही.

बसवताना नवी यंत्रणा आर-१३४ए ची घ्यावी. जुना कंप्रेसर धुऊन चालवण्याचा मोह टाळावा, कारण आर-१२ बरोबरचे खनिज तेल नव्या गॅसशी मिसळत नाही. ओ-रिंग नव्या, तेलाचा हात फिरवून. रिसीव्हर ड्रायरची टोपणे सगळ्यात शेवटी काढावीत. आतला शोषक हवेतला दमट पावसाळा मिनिटामिनिटाला पीत असतो. जोडणी झाली की पंप लावून अर्धा-पाऊण तास व्हॅक्यूम धरावा. दाब उतरला की आत राहिलेले पाणी गार असतानाच उकळते आणि वाफ होऊन निघते. नंतर काटा स्थिर राहिला तरच गॅस, आणि तोही वजनावर. “हाताला गार लागेपर्यंत” हे माप नव्हे. डायनॅमो असेल तर अल्टरनेटर बसवावा, नाहीतर रात्री दिवे आणि गारवा यांतले एकच मिळते. रेडिएटरपुढे विजेचा पंखा हवाच.

नव्या पेटीच्या जाळ्या गोल असतात आणि हव्या तिकडे फिरतात, पण पद्मिनीच्या थरथरीने मैलाभरात पुन्हा समोर येतात. त्यासाठी जुनीच सुतळी चालते. साधारण वीतभर पुरते.