ओरखड्यांची यादी

स्टुटगार्टच्या आसपास वापरलेली गाडी शोधायला घेतली की जाहिरातींत गाडीपेक्षा मालकाच्या चारित्र्याचीच माहिती जास्त मिळते. निवृत्त गृहस्थांची गाडी. कायम गॅरेजमध्ये उभी. आत कुणी कधी सिगारेट ओढलेली नाही. सर्व्हिसिंगच्या वहीत सगळे शिक्के. आणि शेवटी ‘आठ टायर’. हे शेवटचं मी साताऱ्याला बाबांना फोनवर वाचून दाखवलं, तेव्हा पलीकडून काही वेळ आवाजच आला नाही. मग विचारलं, “ट्रक घेतोयस का?”

चार उन्हाळ्याचे, चार हिवाळ्याचे, असं समजावलं. बर्फात उन्हाळी टायरवर गाडी काढली तर दंड होतो, आणि ज्यांच्याकडे तळघर नाही ते उरलेले चार टायर गॅरेजवाल्याकडे भाडं भरून ठेवतात, हेही सांगितलं. “म्हणजे टायरांनाही भाड्याची खोली,” बाबा म्हणाले, आणि त्यात खोट काढायला जागा नव्हती.

जुन्या गाडीच्या बाबतीत आमच्या घरात बाबांचा शब्द शेवटचा. त्यांनी दोन्ही गाड्या जुन्याच घेतल्या, दोन्ही एजंटमार्फत. मालकी बदलायच्या कोऱ्या टीटीओ फॉर्मवर सह्या, बँकेची एनओसी ‘पुढच्या आठवड्यात’, आणि आरटीओच्या फाटकासमोर चहा. या अनुभवातून त्यांनी एक नियम काढलाय: विकणारा जे सांगतो ते ऐकूच नये, जे सांगत नाही ते शोधावं. हा नियम साताऱ्यात कधी फसला नाही. जर्मनीत तो पहिल्याच आजोबांपाशी अडला, कारण त्यांनी न सांगितलेलं काही शिल्लकच ठेवलं नव्हतं.

आजोबा ऐंशीच्या घरातले, गाडी गोल्फ. टेबलावर फाइल तयार होती आणि तीत तारीखवार पावत्या, वायपरच्या पात्यांचीसुद्धा. माझ्याबरोबर चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात वर्षं काढून आलेला मित्र होता, आणि त्याच्या खिशात रंगाची जाडी मोजायचं यंत्र. कारखान्यातून आलेला रंग साधारण शंभर-दीडशे मायक्रॉनचा असतो. खाली पुट्टी भरलेली असली की आकडा कित्येक पटींनी उडी मारतो आणि विकणाऱ्याचा चेहरा उतरतो. मित्र या उतरणाऱ्या चेहऱ्यासाठीच सुट्टी टाकून आला होता. त्यानं यंत्र बॉनेटला लावलं, तर आजोबा म्हणाले, “तिथे काही नाही. इकडे मागच्या दाराला लावा, ते २०१६ मध्ये रंगवून घेतलंय.” आणि बिल काढून दिलं. मित्र इतका हिरमुसला की पुढचा अर्धा तास त्यानं फक्त टायर पाहिले. टायरवर चार आकडे असतात. २३१९ असेल तर तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. मित्रानं आठही टायरांवरचे आकडे वहीत उतरवले. आजोबांनी ते आधीच टाइप करून ठेवले होते.

मग करार. इथल्या मोटार क्लबचा छापील नमुना बहुतेक लोक वापरतात आणि त्यात दोष लिहायला जागा असते. आजोबांना ती पुरली नाही. सुपरमार्केटच्या पार्किंगमधला ओरखडा, एसी उशिरा थंड होणं, बदललेला डावा आरसा, सगळं पुरवणी कागदावर आलं. प्रथमोपचाराची पेटी, त्रिकोण आणि चकाकतं जाकीट गाडीत असलंच पाहिजे असा नियम आहे. त्या पेटीची मुदत लवकरच संपते, हेही आलं.

मी कराराचा फोटो बाबांना पाठवला आणि त्याचा मराठी सारांशही. उत्तर आलं, “एवढं सगळं सांगतोय म्हणजे मोठं काहीतरी लपवतोय.”

खरं कारण कायद्यात आहे. गाड्यांचा व्यापारी साध्या गिऱ्हाइकाला ‘नंतर तक्रार चालणार नाही’ असं म्हणूच शकत नाही. खासगी माणूस तसं करारात लिहू शकतो. पण ठाऊक असलेला दोष त्यानं मुद्दाम लपवला असं सिद्ध झालं, तर ते कलम त्याला वाचवत नाही. म्हणजे कागदावर उतरलेला प्रत्येक ओरखडा हा विकणाऱ्याचाच विमा. सत्याची सवय लागायला हे कारण मला पुरेसं वाटतं. आमच्याकडे सत्य नुसत्या पुण्याईवर सोडलेलं आहे.

करारात गाडी ताब्यात दिल्याची तारीख लिहितात आणि तास-मिनिटंही, कारण त्या मिनिटापासून वेगाचे दंड आपले. बाबा म्हणाले, “मुहूर्त मानतात वाटतं.”

बाबांचा शेवटचा आक्षेप मागच्या नंबरप्लेटवरच्या गोल स्टिकरवर होता. गाडीची सक्तीची तपासणी दर दोन वर्षांनी होते. स्टिकरचा रंग वर्ष सांगतो, आणि वरच्या टोकाला जो आकडा येतो तो पुढच्या तपासणीचा महिना. तपासणीला सगळे ‘ट्यूफ’ म्हणतात. ज्या संस्थेवरून हे नाव पडलं, ती मुळात गाड्यांसाठी निघालीच नव्हती. १८६५ मध्ये मानहाइमच्या एका बिअरच्या कारखान्यात बॉयलर फुटला, आणि पुढच्याच वर्षी बॉयलरमालकांनी तपासणीसाठी संघ काढला. ब्रेकची पकड ज्या नजरेनं पाहतात, ती नजर बिअर सांडल्यावर आलेली आहे. हे ऐकून बाबांचा विश्वास एकदम वाढला.

नोंदणी कार्यालयात त्या मानानं कविता कमी. गाडीचे नोंदणीचे दोन कागद. त्यातला दुसरा कर्ज असेल तर बहुधा बँकेच्या तिजोरीत असतो, म्हणून तो हातात न देणाऱ्याकडून गाडी घेऊ नये. विमा कंपनीनं दिलेला सात अक्षरांचा कोड. पासपोर्ट आणि राहत्या पत्त्याचा दाखला. शिवाय खात्यातून वाहनकर कापायची परवानगी, आणि ती द्यायची कस्टम्सला, कारण २०१४ पासून हा कर तेच खातं गोळा करतं. मुंबई विमानतळावर सोन्याची बिस्किटं पकडणारं खातं गोल्फवर लक्ष ठेवणार, याचा मला थोडा अभिमानच वाटला.

दहा युरो वीस सेंट जास्त भरले की आवडीचा नंबर मिळतो. बायकोला दोघांच्या नावांची आद्याक्षरं हवी होती. दोघांची नावं ‘स’नं सुरू होतात. नाझी काळाची आठवण देणाऱ्या जोड्या इथे दिल्या जात नाहीत, आणि एस-एस त्यात पहिली. “अरे, मग लग्नाची तारीख घाल,” ती म्हणाली. प्लेटा कार्यालय देत नाही. शेजारच्या दुकानात ठोकून घ्यायच्या आणि पुन्हा खिडकीशी नेऊन त्यांवर सरकारी शिक्के चिकटवून घ्यायचे. लग्नाच्या तारखेवर स्टुटगार्ट शहराचा शिक्का बसला.

गाडी घरी आल्यानंतर आजोबांचं पत्र आलं. टपालानं, जाड पाकिटात. उजव्या मागच्या दाराच्या खालच्या कडेला दोन सेंटिमीटरचा आणखी एक ओरखडा आहे, तो करारात नोंदवायचा राहून गेला, त्याबद्दल क्षमस्व. सोबत पुरवणीच्या दोन प्रती. एकीवर सही करून परत पाठवावी. परतीच्या पाकिटावर तिकीट लावलेलं होतं.

मी ते बाबांना वाचून दाखवलं.

“बघ!” बाबा म्हणाले. “तरी मी म्हणत होतो, लपवतोय.”