जुनी पिकअप, नवा तोरा

कर्जत-खालापुरात हल्ली जुनी डिझेल पिकअप बघायला स्थळ बघायला जावं तसं जावं लागतं. हौद्याला ठिकठिकाणी वेल्डिंग, पत्रा गंजलेला, तरी मालक ताठ: "बीएस-फोर आहे, सेन्सरची कटकट नाही. घासाघीस करायची असेल तर चहा पिऊन निघा."

त्याचंही खरं आहे. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-सिक्स हे धुराचं कडक मानक आलं. नव्या गाडीचा धूर गाळणारा फिल्टर तुंबला, की मेस्त्री पाना खाली ठेवतो आणि लॅपटॉपवाल्याची वाट बघतो. जुनीला पाना, हातोडी आणि दोन शिव्या पुरतात. (तिचा धूर मात्र कुणीच गाळत नाही, तो आपण भाताच्या पेंढ्याबरोबर नेरळपर्यंत श्वासात घ्यायचा.)

सरकार आठ वर्षांनंतर मालवाहू गाडीवर पर्यावरण कर लावतं, पंधरा वर्षांनंतर भंगाराची वाट दाखवतं. बाजार त्याच गाडीला हार घालतो आणि भाव चढवतो. उद्या एखादा फार्महाऊसवाला ती हौद्यात जास्वंद लावून फाटकाशी उभी करेल, तेव्हा वीटवाल्याने काय, वीट डोक्यावर न्यायची?

या भाववाढीपासून अलिप्त गाव कर्जत तालुक्यात एकच, माथेरान. तिथे दस्तुरी नाक्यापुढे खासगी मोटारींना बंदी आहे.