ओढगस्तीचा हिशेब

अमेरिकेत नव्या पिकअप ट्रकच्या काचेवर इंधनखर्चाचा जो सरकारमान्य दाखला डकवलेला असतो, तो प्रयोगशाळेतील फिरत्या रुळांवर, मागे काहीही न जोडता धावविलेल्या गाडीचा असतो. आणि त्यावर विसंबून जो सद्गृहस्थ त्याच गाडीस शयनगृह, मुदपाकखाना व स्नानगृह यांनी सुसज्ज असे फिरते बिऱ्हाड जोडून महामार्गास लागतो, त्याची श्रद्धा वंदनीयच मानली पाहिजे. दाखल्यात गॅलनला 20 मैल, म्हणजे लिटरला साडेआठ किलोमीटर, नमूद असले, तरी प्रत्यक्षात त्याच्या निम्मे पदरात पडले म्हणजे गंगेत घोडे न्हाले. सपाट रस्त्यावर इंधनाचा हा फडशा ट्रेलरच्या वजनापेक्षा त्याचे उभे, रुंद कपाळच अधिक पाडते. कारण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि हा कायदा कोणाही विक्रेत्याचा मुलाहिजा राखीत नाही. वेग ताशी 75 मैलांवरून 60 वर आणल्यास तो विरोध एकतृतीयांशाहून अधिक घटतो; परंतु इंधन वाचविण्यासाठी मागच्या मोटारीस पुढे जाऊ देणे, हा त्याग भल्याभल्यांस झेपत नाही.

सर्वांत रसाळ कलम पुढेच आहे. ज्यांचे भारासह अनुज्ञेय वजन 8,500 पौंडांहून अधिक, म्हणजे जड ओझी ओढण्यासाठीच ज्या मुद्दाम खरेदी केल्या जातात, त्या पिकअपना असा दाखला लावण्याची सक्तीच नाही. त्यांच्या मालकांची दिशाभूल करण्याची तसदीदेखील सरकारने घेतलेली नाही. ते काम मालक स्वखुशीने व स्वखर्चाने पार पाडतात.