अंगात पावर कशी आणावी: नवशिक्यांसाठी मुकुटबन आवृत्ती

या अभ्यासक्रमाला पूर्वज्ञानाची अट नाही. एक शरीर लागतं, शक्यतो स्वतःचं.

प्रतिकारशक्तीवरची पुस्तकं बाजारात ढिगाने मिळतात. पण ती ज्याच्यासाठी लिहिलेली असतात त्याच्याकडे गच्ची असते, योगाची चटई असते आणि सकाळी सहा ते आठ मोकळा वेळ असतो. मुकुटबनच्या विद्यार्थ्याचं तसं नाही. वणीहून पुढे, झरी-जामणी तालुक्यात, माजरी–आदिलाबाद रेल्वेमार्गावरचं हे गाव. जमिनीखाली कोळसा नि चुनखडी, जमिनीवर कापूस नि तूर, आणि बाजारात मराठी, गोंडी, कोलामी, तेलुगू अशा चार भाषा. "अंगात पावर नाही" ही तक्रार चारही भाषांत करता येते. म्हणून ही स्वतंत्र आवृत्ती.

पाठ पहिला: काढा

काढ्यापासून सुरुवात करायची, कारण त्यात शिकण्यासारखं काही नाही. २०२० मध्ये आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, सुंठ आणि काळी मिरी यांचा काढा सुचवला आणि घरोघरी पातेली चढली. मंत्रालयाने प्रमाण दिलं होतं; आपण ते वाढवून घेतलं. काढा जितका काळा नि कडू तितका गुणकारी, हा नियम कुठल्या ग्रंथात नाही, पण पाळतात सगळे. घोट घेतला की घशापासून बेंबीपर्यंत जाळ झाला पाहिजे. झाला की समजायचं, पावर उतरली. ज्याला नुसतीच अ‍ॅसिडिटी झाली असेल त्यानेही हेच समजायचं.

पुढची इयत्ता गुळवेलीची. ती विकत आणायची नसते. बांधावरच्या कडुलिंबावर चढलेली सापडली तर उत्तम, कारण लिंबावरची जास्त कडू. वीतभर कांडी ठेचायची, रात्रभर भिजत घालायची, सकाळी गाळून प्यायची. इथवर ठीक. पण नवशिक्याला उत्साह फार, तो महिनोन्‌महिने पीत सुटतो. २०२१ मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी सहा रुग्णांची हकीकत छापली: गुळवेल घेत होते, कावीळ घेऊन आले. मंत्रालयाने लगोलग खुलासा केला, गुळवेल निर्दोष आहे, तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल पोटात गेली असेल. हा वाद तज्ज्ञांनी मिटवावा. विद्यार्थ्याने एवढंच आठवून पाहावं की आपल्या बांधावरची वेल ती हीच, हे आपल्याला कुणी सांगितलं. बहुधा शेजाऱ्याने. आणि शेजाऱ्याला मोबाइलने.

पाठ दुसरा: झटपट पद्धत

ज्यांना धीर नाही त्यांच्यासाठी सलाईन आहे. कुठल्याही खेड्यातल्या छोट्या दवाखान्यात हे दृश्य दिसतं. लोखंडी खाट, भिंतीत ठोकलेला खिळा, खिळ्याला उलटी टांगलेली बाटली. खाटेवरचा माणूस बाटलीकडे आणि उशाशी बसलेली बायको थेंबांकडे पाहत असते. संवाद ठरलेला असतो.

"डॉक्टरसाहेब, जीवच नाही लागून राह्यला. हातापायात पावरच नाही. एक सलाईन लावून द्या ना."

"गरज नाही काकाजी, जेवत जा नीट."

"तसं नका करू. साधी नका लावू पण, पिवळी लावा."

पिवळी म्हणजे त्याच बाटलीत जीवनसत्त्वाचं इंजेक्शन सोडलेलं. रंग आला की किंमत वाढते आणि गुणही येतो. आता हिशेब करू. साध्या सलाईनच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं. ग्लुकोजची पाच टक्क्यांची बाटली असेल तर पंचवीस ग्रॅम साखर. म्हणजे दोन-तीन कप गोड चहाएवढी साखर, ती शिरेतून, खाटभाड्यासह. हगवणीने माणूस सुकला असेल तर हीच बाटली जीव वाचवते, तिथे तिची थट्टा करू नये. पण कापसाला पाणी देऊन दमलेल्या माणसाला ती फक्त एक गोष्ट देते: दीड तास आडवं पडायची परवानगी. घरी कुणी पडू देत नाही. माझा तर संशय आहे की बरं वाटतं ते त्यानेच.

थोडा सिद्धांत (वगळला तरी चालेल)

प्रतिकारशक्ती "वाढवायची" म्हणजे किती, हे कुठलीच जाहिरात सांगत नाही. रात्री शेतात जागलीला बसलेला माणूस रानडुक्कर हाकलतो तोवर तो कामाचा. त्याच्या अंगात भलताच जोर संचारला आणि त्याने अंधारात मालकाच्याच बैलाला गोफण मारली, तर तो जोर काय कामाचा? दमा, अ‍ॅलर्जी, सांधे वाकडे करणारा आमवात, लहान पोरांना होणारा मधुमेह, या सगळ्यांत शरीराची राखणच चुकीच्या जागी किंवा गरजेपेक्षा जास्त चिडलेली असते. राखणदाराला हवं असतं पोटभर जेवण, झोप, आणि चोर कसा दिसतो याची आधी दिलेली ओळख. ही यादी इतकी साधी आहे की तिची बाटली भरता येत नाही. त्यामुळे तिची जाहिरातही नाही.

पाठ तिसरा: पाणी

सगळी पुस्तकं सांगतात, भरपूर पाणी प्या, उकळून प्या. उकळण्याने जंतू मरतात, हे खरं. पण केळापूर आणि झरी-जामणीच्या पट्ट्यातल्या बऱ्याच गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड मर्यादेबाहेर असल्याची नोंद आहे. लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर ते नको. फ्लोराइड जंतू नाही, त्यामुळे ते उकळून मरत नाही. उलट वाफ उडाली की उरलेल्या पाण्यात त्याचं प्रमाण वाढतं. म्हणजे जो विद्यार्थी सगळ्यात आज्ञाधारक, जो पाणी अर्धं आटेपर्यंत उकळतो, तो फ्लोराइडचा काढा पितो.

तपासणीची घरगुती पद्धत: लहानपणापासून त्याच पाण्यावर वाढलेल्या पोराला हसायला सांगा. पुढच्या दातांवर खडूसारखे पांढरे किंवा तपकिरी आडवे पट्टे दिसले तर उकळण्याचा विचार सोडा आणि ग्रामपंचायतीत पाणी तपासणीचा विषय काढा. हा विषय ग्रामसभेत काढला की पुढचा विषय लगेच सुरू होतो, याचीही तयारी ठेवा.

पाठ चौथा: चालणे

रोज दहा हजार पावलं. हा आकडा कुठल्या ऋषीने सांगितलेला नाही. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र बाजारात आलं, त्याच्या नावातच दहा हजार होते, आणि तोच आकडा पुढे जगभर प्रमाण ठरला. मुकुटबनला तो कुणाला सांगायचा, हा प्रश्न आहे. कापूस वेचायला गेलेली बाई तासानुतास वाकून चालते, ओटीत कापूस भरते, गाठोडं डोक्यावर घेऊन परत येते. तिला जाऊन सांगा, मावशी, चालत जा जरा. ती जे उत्तर देईल ते या पुस्तिकेत छापता येणार नाही.

ज्यांना खरोखर चालायची गरज आहे ते दुकानात गल्ल्यावर बसलेले आहेत. त्यांनी पहाटे निघावं, पण हमरस्त्याने नको. कोळशाचे नि सिमेंटचे ट्रक गेले की रस्त्यावर जी धूळ उठते ती खोल श्वास घेण्यासाठी नाही. शेताच्या पांदणीने जा. पावसाळ्यात पांदण गुडघाभर चिखलात असते, तेव्हा चार महिने सुट्टी घ्या.

तोंडाला रुमाल बांधा, हेही आलंच. करोनात सगळ्यांनी बांधला. फवारणीच्या वेळी मात्र उकडतं म्हणून सोडतात. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. त्यांना काढ्याने काही झालं नसतं.

पाठ पाचवा: हात धुणे, आणि खर्रा

साबणाने वीस सेकंद हात धुवा. सोपं आहे, स्वस्त आहे, आणि हगवणीपासून सर्दीपर्यंत बरंच काही त्याने टळतं. आता पानठेल्यावर जाऊ.

ठेलेवाला सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना पन्नीत टाकतो, पन्नी पाटीवर धरून तळव्याने घोटतो. खसखस आवाज येतो, चुना तंबाखूत मुरतो, माल ओलसर तपकिरी होतो. गिऱ्हाइकाने नुकतंच सॅनिटायझर चोळलेलं असतं, कारण ते मोटरसायकलच्या डिकीत असतंच. मग तो पन्नी उघडतो, चिमूट तोंडात टाकतो, पन्नी दुसऱ्याला देतो, दुसरा तिसऱ्याला. पाच जणांची बोटं एका पन्नीत. इतकी समता आपल्याकडे दुसऱ्या कशात नाही.

घरी गेल्यावर एक चाचणी करून पाहा: आपलीच तीन बोटं उभी धरून तोंडात घाला. जात नसतील तर सुपारीने गालाच्या आतलं कातडं आखडायला सुरुवात झालेली आहे, आणि हा आजार कर्करोगाच्या दाराशी नेतो. गुळवेल थुंकून खर्रा खाणारे आणि खर्रा थुंकून गुळवेल पिणारे, दोघेही मी पाहिलेले आहेत. दोघांचंही म्हणणं एकच, "भाऊ, बॅलन्स ठेवून राहिलो."

पाठ सहावा: झोप

अमेरिकेतल्या संशोधकांनी १६४ निरोगी माणसांच्या नाकात सर्दीचे विषाणू सोडले आणि वाट पाहिली. २०१५ मध्ये निकाल छापला: सहा तासांहून कमी झोपणाऱ्यांना सर्दी व्हायची शक्यता सात तासांहून जास्त झोपणाऱ्यांच्या चौपट. काढ्याच्या मागे असा दाखला अजून लागलेला नाही. तेव्हा रात्री दहाला झोपा.

फक्त कृषिपंपाची वीज रात्रीची असेल तर उठा. हरभऱ्यात रोही आणि डुकरं येत असतील तर मचाणावर जा. बाकीच्या रात्री झोपा.

पाठ सातवा: जेवण

हा पाठ खरं तर पहिला हवा होता. ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, अंबाडीची नाहीतर तरोट्याची भाजी, जवसाची चटणी, परवडेल तेव्हा अंडं, हंगामात बोरं नि आवळा. यात "सुपरफूड" एकही नाही, पण राखणदार यावरच जगतो. झारखंडमध्ये क्षयरोग्यांच्या घरच्या सुमारे दहा हजार माणसांवर प्रयोग झाला. २०२३ मध्ये 'लॅन्सेट'ने तो छापला. निम्म्या घरांत माणशी दरमहा पाच किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. त्या घरांतल्या लोकांना पुढे क्षय होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी घटलं. तांदूळ आणि डाळ! कुणी हे डबीत भरून "इम्युनो" असं काही नाव देऊन विकलं असतं तर आज त्याची जाहिरात क्रिकेटच्या मधे लागली असती.

कोलामांच्या पोडावरच्या, म्हणजे वस्तीवरच्या, आईला हा प्रयोग सांगायची गरज नाही, तिला डाळ हवी आहे. क्षयाच्या रुग्णाला पोषणासाठी सरकार महिन्याला पाचशे देत होतं, २०२४ च्या नोव्हेंबरपासून हजार देतं. बँक खातं आधारशी जोडलेलं असावं, एवढी ही कृती सोपी आहे.

पाठ आठवा: ताण घेऊ नका

कापसाचा भाव पाहू नका.

पाठ नववा: चोराची ओळख

राखणदाराला चोर आधीच दाखवून ठेवायचा, याला लस म्हणतात. ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. १४ जून १८०२ रोजी मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली, ती हिंदुस्थानातली पहिली. १८९७ च्या जानेवारीत, मुंबईत प्लेग असताना, हाफकिन यांनी आपली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली, मग दुसऱ्यांना. त्यांच्या नावाची संस्था परळला आहे. काढ्याचा शोध लावणाऱ्याने आधी स्वतः किती प्याला, याची नोंद नाही.

आता गोवरासाठी नऊ महिन्यांना एक डोस आणि दीड वर्षाच्या आसपास दुसरा. त्याआधी दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना टोचण्या. तारीख आशाताईला पाठ असते. ती दारात येते, आपण म्हणतो, "पोट्टं आज मामाच्या गावाला गेलं." पोट्टं आतून रडतं. २०२१ मध्ये तर मोठीच माणसं लसीची गाडी पाहून शेतात निघून गेली. त्यातल्या कित्येकांच्या खिशात काढ्याची पुडी होती.

शंकासमाधान

*सर्दीला अँटिबायोटिक घेऊ का?* सर्दी विषाणूची, ती गोळी जिवाणूंची. मेडिकलवाला देईल. तुम्ही घेऊ नका.

*च्यवनप्राश?* आवडत असेल तर चाटा. मधुमेह असेल तर डब्यावर साखर किती ते आधी वाचा.

*सगळं केलं, परिणाम कधी दिसेल?* दिसणार नाही. न झालेला न्यूमोनिया कुणाला दाखवता येत नाही. त्यामुळेच हा धंदा बाटलीवाल्यांच्या हातात गेला.

*लस दिली की लेकराला ताप येतो, मग कशाला द्यायची?* राखणदार चोराचा फोटो पाहून उठून बसला, त्याचा हा ताप. एक-दोन दिवसांत उतरतो. नर्सबाईने सांगितलेल्या मापाने पॅरासिटामॉल द्या, अंगावर पाजत असाल तर पाजत राहा, टोचलेल्या जागी काही चोळू नका. लेकरू रात्री कुरकुर करेल. घरातली बुढी म्हणेल, नजर लागली माह्या नातवाले, आणि मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकेल. टाकू द्या. खोकला आला तर खिडकी उघडा.