नसलेल्या वस्तूचा कचरा

कायद्याने पाहिले तर व्हेप ही वस्तू आपल्या देशात नाही. 18 सप्टेंबर 2019 रोजी अध्यादेश निघाला, त्याच डिसेंबरात कायदा झाला आणि ई-सिगारेट बनवणे, आणणे, विकणे, जाहिरात करणे सगळे बंद झाले. पहिल्याच गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद, नाहीतर लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. आत निकोटिन नसले तरी माफी नाही. इतका कडक कायदा असताना तक्रारीला जागा उरू नये. तरी माझी एक आहे, बारीकशीच.

साताऱ्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी क्लास आहेत. पोरे सुटली की गाड्या लावतात तिथे काहीबाही पडलेले असते. परवा हायलायटरएवढी गुलाबी कांडी मिळाली. वर टरबुजाची फोड, शेजारी बर्फाचे खडे आणि पार तळाशी फुली मारलेली कचरापेटी. म्हणजे कचऱ्यात टाकू नका. बनवणाऱ्याचे नाव-गाव कुठेच नाही. एवढा उपदेश करून गृहस्थ गायब.

एखादी गाय चघळेल म्हणून मी ती उचलली. आत लिथियमची बॅटरी, तारेचे वेटोळे आणि निकोटिनच्या पाण्यात भिजलेला कापूस. झुरका घेतला की तार तापते, वाफ होते. बॅटरी पुन्हा चार्ज होण्याच्या जातीची, पण तशी सोयच ठेवलेली नाही; टरबूज संपले की बॅटरीसकट फेकायचे. चेंगरली तर पेटही घेते. घंटागाडीवरच्या पोराने कांडी उलटीपालटी करून परत दिली. "काका, ह्ये ओल्यात बी जात न्हाई, सुक्यात बी न्हाई."

पोरगा बरोबर होता. ई-कचऱ्याचे नवे नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत आणि चांगले आहेत: उत्पादकाने नोंदणी करायची आणि जुन्या मालाची विल्हेवाटही त्यानेच लावायची. पण ज्या मालावरच बंदी, त्याचा उत्पादक नोंदणीला येईल कशाला? व्हेपच्या कायद्यात सोय आहे ती तेव्हाच्या शिल्लक साठ्याची. तो सरकारजमा करायचा होता. आता साठा सापडला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 50 हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. एका नगाला साठा म्हणतात का, हे ठाण्यात जाऊन विचारायचा धीर झाला नाही. कांडी सध्या चपलांच्या कपाटावर आहे आणि आल्यागेल्याला मी खुलासा देत बसतो.

सांगलीला ताईकडे वेगळाच प्रकार. अकरावीतल्या भाच्याच्या दप्तराला भर पावसाळ्यात आंब्याचा वास येतो. तो म्हणतो, वासाचे पेन आहे. अभ्यासाची गोडी लागली म्हणून ताई खूश. "निदान मावा तरी खात नाही," म्हणाली. तिचेही चुकत नाही. राज्यात गुटखाबंदी 2012 पासून आहे, मावाही त्यातच येतो, आदेश दरवर्षी नव्याने निघतो आणि मिरजेपलीकडे कर्नाटक जवळच असल्याने पकडलेल्या गुटख्याच्या फोटोला तिकडच्या पेपरात कधी खंड पडत नाही. एवढे पकडूनही टपरीवर कमी पडल्याचे मी ऐकले नाही.

ब्रिटनमध्ये 2023 च्या एका अंदाजाप्रमाणे आठवड्याला जवळपास 50 लाख असल्या कांड्या फेकल्या जात. 1 जून 2025 पासून तिथे एकदाच वापरायच्या व्हेपवर बंदी आली. पुन्हा भरता येणारे चालतात, आणि विकणाऱ्या दुकानदाराला वापरलेले परत घ्यावे लागतात. आपण त्यांच्या साडेपाच वर्षे पुढे, त्यामुळे आपल्याकडे असा दुकानदारच नाही.

तरी खात्री करावी म्हणून टपरीवर कांडी दाखवून विचारले, परत घेता का. मालकाने आधी इकडेतिकडे पाहिले.

"नाव काढू नका, सायेब. बंदी हाय त्याला." आणि हातातली प्लॅस्टिकची पुडी चोळत म्हणाला, "मावा बांधू का?"