कोथिंबीर न चिरणाऱ्या सुऱ्या

अटलांटा, जून महिना

ती. आई आणि ती. बाबा यांस,

शनिवारी आम्ही फोन का उचलला नाही, याचं उत्तर तुमच्या चिरंजीवांनी "प्रदर्शनाला गेलो होतो" एवढंच दिलं आणि लगेच बाबांच्या गुडघ्याची चौकशी सुरू केली. म्हणून खुलासा मी करते. प्रदर्शन सुऱ्यांचं होतं. दर जूनमध्ये इथे ‘ब्लेड शो’ भरतो, आणि जगभरातून लोक तीन दिवस फक्त पाती बघायला येतात. आपल्या घरात बोथट सुरीला धार लावायची म्हटलं की ज्यांना अचानक ऑफिसची मीटिंग आठवते, ते तुमचे चिरंजीव त्या दिवशी पहाटे अंघोळ करून तयार होते!

आत शिरल्यावर मी आधी माणसंच बघितली. दांडगे, दाढीवाले, हातभर गोंदवलेले. पण कित्येकांच्या डाव्या हातावर मनगटाच्या वर एक गुळगुळीत चकती. मला वाटलं, काही त्वचारोग पसरलाय. नंतर कळलं, धार कशी आहे हे बघायला ही मंडळी आपल्याच हातावरचे केस भादरून बघतात.

टेबलांवर मखमल, मखमलीवर सुऱ्या, आणि पलीकडे त्या घडवणारा कारागीर स्वतः बसलेला. विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. दिली तरी मुठीला धरायची, पात्याला बोट टेकवायचं नाही, कारण घामाने गंज चढतो. तुमचं देवघर सोडलं तर इतकं सोवळं मी कुठे पाहिलं नव्हतं. एका आजोबांनी मला सुरी पुढे केली तेव्हा माझा हातच पुढे होईना. सुरी हातात द्यायची नाही, भांडण होतं, हे तुम्हीच बिंबवलंय ना! मी खुणेने म्हटलं, टेबलावर ठेवा, मी उचलते. त्यांना वाटलं, ही कुणीतरी फार जाणकार संग्राहक दिसते. खरं कारण सांगितलं तर खूष झाले. म्हणाले, आमच्याकडेही सुरी भेट दिली की घेणाऱ्याने एखादं नाणं द्यायचं, नाहीतर मैत्री तुटते. म्हणजे सासवा सगळीकडे सारख्याच, असं मी म्हटलं नाही, मनात आलं फक्त.

आता किमती. रॉबर्ट लव्हलेस नावाचे एक मोठे कारागीर होते, २०१० साली वारले. त्यांनी केलेली साधी दिसणारी शिकारीची सुरी आज हजारो डॉलरला जाते. कशाला वापरतात, असं मी विचारल्यावर विकणाऱ्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी पैठणीने फरशी पुसायची का असं विचारलं! वापरली की किंमत उतरते. मुठीसुद्धा कसल्या? सायबेरियाच्या गोठलेल्या जमिनीतून निघालेल्या मॅमथच्या दाताच्या, शिंपल्याच्या. एका पात्यात तर उल्केचं लोखंड होतं. हे ऐकून मी हसले, तर तुमची नात म्हणाली, आई, तुतनखामेनच्या थडग्यातल्या खंजिराचं लोखंडही उल्केचंच होतं, २०१६ मध्ये शास्त्रज्ञांनी तपासून सांगितलं. त्याच थडग्यात दुसरा खंजीर होता सोन्याच्या पात्याचा. बस्टर वॉरेन्स्की नावाच्या अमेरिकन कारागिराने त्याची हुबेहूब प्रतिकृती केली, तीही सोन्यातच. सोन्याची सुरी असली म्हणून उरात खुपसून घ्यायची नसते, हे मी चिरंजीवांना तिथल्या तिथे मराठीत बजावलं. क्रेडिट कार्ड माझ्या पर्समध्ये होतं.

पण आई, थट्टा बाजूला. एका गोष्टीने मी गप्प झाले. या सुऱ्या आयुष्यात कोथिंबिरीची काडी चिरणार नाहीत; तरी त्या करणाऱ्या कित्येकांना आधी कापून दाखवावं लागतं. लोहारांची एक संस्था आहे, अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी, १९७६ ची. तिची परीक्षा अशी: स्वतः घडवलेल्या सुरीने मोकळा लोंबणारा इंचभर जाडीचा दोर एका घावात तोडायचा. मग त्याच सुरीने लाकडाची जाड फळी दोनदा तोडायची. आणि एवढं झाल्यावर त्याच धारेने हातावरचे केस भादरून दाखवायचे. शेवटी पातं शेगड्यात धरून काटकोनात वाकवायचं. दोन तुकडे झाले की नापास. म्हणजे राबून केलेली वस्तू परीक्षकासमोर स्वतःच्या हाताने वाकडी करायची. सुरेख दिसणं वगैरे त्यानंतर. ‘मास्टरस्मिथ’ ही वरची पदवी हवी तर निदान तीनशे थरांच्या पोलादाचा खंजीर वेगळा.

हे थरांचं पोलाद म्हणजे ‘दमास्कस’. दोन जातींच्या पोलादाच्या पट्ट्या भट्टीत तापवून, ठोकून एकजीव करायच्या, लांबवायच्या, कापून पुन्हा एकमेकींवर रचायच्या, पुन्हा ठोकायच्या. अमेरिकेत ही विद्या विसरल्यासारखी झाली होती. बिल मोरन नावाच्या लोहाराने स्वतः खटपट करून ती साधली आणि १९७३ साली सुऱ्यांच्या एका प्रदर्शनात मांडली. घडवून झालं तरी पातं सपाट करडंच दिसतं. मग ते आम्लात बुडवतात, आणि आतून लाटा, पिसं, शिडीच्या पायऱ्या अशी नक्षी वर येते. चिरंजीव मला रसायनशास्त्र समजावायला लागले. मी म्हटलं, कैरी चिरल्यावर आईंची विळी काळी पडते, तेच ना? तेच निघालं! साधं पोलाद आम्लाने काळवंडतं, निकेल घातलेलं चकचकीत राहतं. नक्षी म्हणजे त्यांची शेजारशेजारची ओळ. तुम्ही इतकी वर्षं स्वयंपाकघरात हेच करत होतात, फक्त तिकीट लावलं नाही.

घेतलं काय, तर काही नाही. चिरंजीवांचं म्हणणं, खंडेनवमीला पूजेत ठेवायला एखादी हवी. दरवर्षी लॅपटॉप आणि स्क्रूड्रायव्हरला हळदकुंकू वाहायची लाज वाटते. मी त्यांना एका चहाच्या कपावर गप्प केलं. तो कपही सहा डॉलरचा होता.

आता मुद्द्याचं. तिथे एका संग्राहकाशी बोलताना चिरंजीवांनी फोनवर पुण्याच्या केळकर संग्रहालयातले अडकित्ते दाखवले. पोपटाचे, घोड्याचे, नक्षीचे. तो माणूस खुर्ची ओढून बसलाच. सुपारी कातरण्यासाठी एवढी कलाकुसर? एवढी, आणि वर रोज वापरायची, असं मी ठणकावून सांगितलं. तेव्हापासून चिरंजीवांना बाबांच्या पानाच्या डब्यातला अडकित्ता दिसतोय. तेव्हा कृपा करून त्याचा दोन्ही बाजूंनी फोटो पाठवा. चिंच लावून घासू नका, जुनेपणाची झळाळी जाते म्हणे. आणि दिवाळीला येताना आणलाच, तर मोठ्या बॅगेत. हातातल्या पर्समध्ये नको, सुरक्षा तपासणीत काढून घेतील.

मग सुपारी कशाने कातरायची, असं बाबा विचारतील. ते तुम्ही बापलेकांनी फोनवर ठरवा. मी मध्ये पडणार नाही.

तुमची सून